ज्वारीच्या कोठीतली फाईल

परवा ज्वारीची कोठी उघडली आणि वाळलेल्या लिंबाच्या पाल्याचा कडवट वास नाकात शिरला, तशी धाकट्या बहिणीची फाईल आठवली. तिच्या हृदयात जन्मापासून दोष होता. सहाव्या वर्षी ऑपरेशन झालं, पोरगी म्हसवडच्या माळावर मेंढरांमागं पळायला लागली आणि आम्ही सगळे तो आजार विसरूनच गेलो. पुढं तिला बघायला पाहुणे येणार होते, तेव्हा आईनं फाईल माझ्या हातात दिली. "कुटं तरी दडव गं, कुणाला कळाया नगं." मी ती ज्वारीत खोल पुरली आणि वर पाला पसरला. होणाऱ्या सासूनं तिच्या गळ्याखालच्या वणाबद्दल विचारलं, तर "लहानपणी भाजलंय," असं मीच ठणकावून सांगितलं. लग्नानंतर सात वर्षांनी तिचे पाय सुजले, छाती धडधडायला लागली. कराडचे डॉक्टर म्हणाले, दुरुस्त केलेली झडप गळतेय, हृदय फुगलंय, जुने कागद आणा. मी गावी येऊन खांद्यापर्यंत हात घालून ज्वारी उपसली. फाईल जशीच्या तशी होती. शेवटच्या पानावर लाल शाईनं लिहिलं होतं, दर वर्षी तपासणी, आयुष्यभर. परत गेले तेव्हा तिनं तोंडावरचा मास्क बाजूला करून विचारलं, "आक्का, घावली का गं? आता बरं करत्याल न्हवं?" मी "व्हय" म्हणाले. तेही खोटंच निघालं. दहाव्याला तिची सासू माझ्याजवळ येऊन टेकली आणि हळूच म्हणाली, "सांगितलं असतंस तर वर्षातनं एकदा मीच नेली असती की गं तिला."