दोन पात्यांचा पंखा

दोन चादरी दोरीवर टाकल्या होत्या, उरलेल्या पिळून बादलीत पडल्या होत्या, तेवढ्यात फाटकातून हाक आली.

"अगं, ती चादर बघ कशी फुगलीये! वारा उठलाय. चपला घाल आणि चल."

"वन्सं, अर्ध्या चादरी राहिल्यात..."

"चादरी कुठे पळून जात नाहीत. वारा जातो."

माझ्या नणंदेपुढे कुणाचं काही चाललेलं नाही, माझं तर लग्न झाल्यापासून नाही. देवाला हात जोडले, पदर खोचला आणि निघाले.

आजचं वहीचं पान वन्संच्या नावावर. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. बंदरामागच्या गल्लीत त्यांची शिडं शिवायची खोली आहे. आत जायचं तर चपला बाहेर काढून, भिंतीला चिकटून. कारण जमीनभर शीड पसरलेलं असतं. मशीन जमिनीतल्या खड्ड्यात बसवलंय, म्हणजे कापड सपाट राहतं. वन्सं त्या खड्ड्यात बसून शिवतात. नवं गिऱ्हाईक दारातून डोकावतं तेव्हा त्याला शिडाच्या मधोमध उगवलेली अर्धीच बाई दिसते. एकदा एक जण दचकून बाहेरच गेला. वन्सं ओरडल्या, "या हो, खालची अर्धीही आहे!"

पूर्वी त्या शाळांचे गणवेश शिवायच्या. नवरा मिळाला होडीवेडा. त्याचं फाटलेलं शीड दुरुस्त करता करता हाच धंदा झाला, आणि होडी चालवणंही अंगवळणी पडलं. तो गेल्यावर सगळे म्हणाले, होडी विका. वन्सं म्हणाल्या, "हे गेले, वारा गेलेला नाही."

होडी छोटीच आहे. एक डोलकाठी, दोन शिडं, पायऱ्यांखाली लहानसं डिझेल इंजिन. इंजिन फक्त धक्क्यापासून निघायला आणि परत यायला. पण मागच्या वर्षी भर समुद्रात वारा पडला आणि प्रवाह होडीला खडकांकडे ओढू लागला. पाण्याखाली फिरून होडी पुढे ढकलणारा पंखा दोनच पात्यांचा, त्यावर होडी कण्हतकुथत घरी आली. धक्क्यावर वाट बघताना वन्संच्या मुलाचा, माझ्या भाच्याचा, चेहरा कसा झाला होता तो मला आठवतो. त्याचं इंजिनदुरुस्तीचं वर्कशॉप आहे. त्याच आठवड्यात त्याने तीन पात्यांचा जाडजूड, चकचकीत पंखा आणून बसवला. आईला भेट.

भेट नाकारायची कशी? वन्संनी वर्षभर सोसलं. इंजिनवर होडी आज्ञाधारक झाली, हे खरं. पण शिडावर तिचा जीवच गेला. इंजिन बंद असताना तो तीन पात्यांचा गोळा पाण्यातून नुसता फरपटत यायचा.

"मी वर जीव ओतून टाके घालते," वन्सं म्हणायच्या, "आणि खाली हा मेला पाय धरून बसतो."

गेल्या आठवड्यात तळ रंगवायला होडी पाण्याबाहेर काढली, तेव्हा त्यांनी सांगून टाकलं. जुना पंखा परत बसव.

"आई, तीन पात्यांचा म्हणजे ब्रेक आहे," भाचा म्हणाला. "रिव्हर्स टाकला की जागच्या जागी उभी. दोन पात्यांचा रिव्हर्स म्हणजे नुसती समजूत घालणं."

"मग घालीन समजूत. तुला वाढवलंय मी."

शेवटी तह झाला. जुना पंखा तो बसवून देईल. पण पहिल्याच दिवशी धक्क्याच्या भिंतीला होडी घासली, तर नवा पंखा कायमचा. वन्सं म्हणाल्या, "घासली तर शिडंही उतरवून कपाटात ठेवते. नुसतं फटफट करत फिरायला मला होडी कशाला?" त्यांचा आवाज तेव्हा चेष्टेचा नव्हता. मी त्या रात्री देवाशी जरा जास्तच बोलले.

जुन्या पंख्याची गंमत अशी, की पाती दोनच असल्याने ती उभी ठेवली तर होडीच्या तळाच्या जाड कण्यामागे लपतात आणि पाणी सरळ निघून जातं. पण पाण्याखाली ती उभी आहेत की आडवी, हे आत बसून कळणार कसं? म्हणून होडी बाहेर होती तेव्हाच भाच्याने बाहेरून पाती उभी धरली आणि मी आत पंखा फिरवणाऱ्या दांड्यावर लेकीच्या लाल नेलपॉलिशने खूण केली. खूण वर, की पाती उभी.

आज आम्ही दोघीच निघालो. भाचा धक्क्यावर जुना टायर हातात घेऊन उभा राहिला, होडी आणि भिंत यांच्यामध्ये घालायला.

"मामी, तुम्ही तरी सांभाळून," तो म्हणाला.

"तो टायर खाली ठेव," वन्सं म्हणाल्या, "हात दुखतील."

बाहेर येऊन इंजिन बंद केलं, शिडं चढवली. होडी चालली, पण जडच. वन्संचा चेहरा उतरला. मग माझ्याकडे बघून ओरडल्या, "अगं बाई, पंखा! खूण वर कोण आणणार, तुझा भाऊ?"

दोघीही विसरलो होतो. त्यांनी होडीचं तोंड वाऱ्याकडे वळवून तिला थांबवलं. मी पायऱ्यांखाली शिरले, देवाचं नाव घेत दांडा हाताने फिरवला. लाल ठिपका वर आला.

"आली!"

"गिअर टाक, म्हणजे फिरणार नाही."

टाकला. होडी पुन्हा वळली, शिडं भरली, आणि काय सांगू! होडी कलली आणि सुटली. कडेने पाणी सळसळत पळायला लागलं. पुढे दातांच्या डॉक्टरांची लांबलचक पांढरी होडी होती. वर्षभर ते हात हलवून आमच्या पुढे जायचे. आज आम्ही त्यांच्या शेजारी आलो, आणि पुढे गेलो.

"इंजिन चालू आहे का तुमचं?" डॉक्टरांनी ओरडून विचारलं.

"तोंड उघडं ठेवू नका डॉक्टर, वारा जाईल!" वन्सं ओरडल्या. मी इतकी हसले की पदर वाऱ्याने ओढून नेला असता तरी कळलं नसतं.

पण परीक्षा पुढे होती. परत येताना वारा नेमका पाठीवर, होडीला भिंतीकडे ढकलणारा. आमची जागा बर्फ वाहणाऱ्या मोठ्या पडावामागे, जेमतेम होडीएवढी. शिडं उतरवली, इंजिन हळू. माझे ओठ आपोआप नामस्मरणाला लागले.

"घाबरू नकोस," वन्सं म्हणाल्या. "रिव्हर्स टाकला की हिची शेपूट डावीकडे सरकते. पोरगा तिला खोड म्हणतो, मी सवय म्हणते. सवय माहीत असली की घर चालतं, होडी का नाही चालणार?"

त्यांनी भिंत डाव्या हाताला घेतली, तिरकी. मला वाटलं त्याच्या कितीतरी आधी गिअर काढून इंजिन मोकळं सोडलं. होडी आपल्याच वेगात सरकत राहिली. भिंतीवरचे शिंपले दिसायला लागले. भाचा टायर घेऊन वाकला. वन्संनी रिव्हर्स टाकला. इंजिन कण्हलं, होडीची शेपूट अलगद डावीकडे सरकली, आणि होडी भिंतीला समांतर उभी राहिली. मध्ये माझा हात मावेल एवढं पाणी.

भाचा तसाच वाकलेला. मग म्हणाला, "हे नशीब झालं. पुन्हा करून दाखव."

वन्सं पुन्हा बाहेर पडल्या, वळल्या, पुन्हा तिरक्या आल्या. पुन्हा तेवढंच पाणी. पडावावरचे लोक टाळ्या वाजवायला लागले.

"पुन्हा?" वन्संनी विचारलं.

"नको. लोक तिकीट काढतील." तो हसला, पण लगेच खाली बघत म्हणाला, "आणि माझा पंखा?"

वन्संनी दोर त्याच्या हातात दिला. "पंखा उत्तम आहे रे. ज्या होडीला शीडच नाही, तिला घाल, दुवा देईल. माझी शिडावरची आहे." मग म्हणाल्या, "वारा पडला तर, म्हणून नांगर कायम पुढे तयार ठेवीन. म्हणजे खडकांकडे जायच्या आधी थांबता येईल. चालेल?"

"दोर लांब हवा मग."

"लांब घेते."

त्याने होडी बांधली, आईला हात देऊन वर घेतलं. वन्संना हाताची गरज नव्हती, तरी त्यांनी तो घेतला.

उद्या सकाळी दुकानं उघडली की वन्संना नांगराचा लांब दोर आणायला बाजारात जायचंय.