अक्काला आज गेटवे दाखवला

मंडळी, आज मुंबईच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता उपचारांचा उपयोग नाही, बहिणीला घरी न्या.

अक्का बाहेर बाकावर बसली होती. घरी सोडलं, एवढंच मी तिला सांगितलं. तिला वाटलं, आपण बऱ्या झालो. म्हणाली, "इतक्या खेपा झाल्या, पर मुंबई काय बघितली न्हाई. आज गेटवे दाव."

टॅक्सीनं नेलं. दोनदा खाली टेकली, पण समुद्राच्या कठड्यापर्यंत चालत गेली. पाण्याकडं बघत म्हणाली, "आपल्या भाटघरच्या धरणावानीच हाय, पर ह्याला लाटा हायेत." मग तिला एलिफंटाच्या बोटी दिसल्या. धाप लागली होती, तरी म्हणाली, "दिवाळीला पोरींना आणू, तवा बोटीत बसू."

मी म्हणालो, "व्हय अक्का, बसू."

संध्याकाळी गावी, हिर्डोशीला पोचलो. पोरींनी आईसाठी गोडाचं केलंय. अक्का त्यांना बोटींचं सांगत बसलीय. मी अंगणात हे लिहीत होतो, तेवढ्यात धाकटी भाची बाहेर आली. "मामा, आई बरी झाली ना?"

ती अजून समोर उभी आहे. तुम्ही काय सांगितलं असतं?