तीन दिवस कोरडा राहिलेला स्लॅब

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते. सत्तरच्या दशकाचा शेवट होता. मी नाशिकला फौजदार होतो आणि अंगात वर्दीची मस्ती होती. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, काळ्या बाजारात त्याला सोन्याचा भाव यायचा.

ऐन उन्हाळ्यात खबऱ्याने बातमी आणली. एका शिक्षिकाबाईंच्या घराचं काम चालू आहे, तिथल्या मिस्त्रीने परमिटच्या सहा गोण्या बाहेर विकल्या. मी पोहोचलो त्याच्या आदल्याच दिवशी स्लॅब टाकून झाला होता. गोण्यांचा हिशेब लागेना. मी पंचनामा केला, दारावर शिपाई बसवला, आत कोणी पाऊल ठेवायचं नाही असं बजावलं आणि मिस्त्रीला उचललं. तो सिन्नरकडचा, पन्नाशीचा माणूस होता.

"गोण्या कुठं आहेत?"

"ओल लागून दगड झाल्या साहेब. जोत्याच्या भरणीत टाकल्या."

"सिमेंट म्हणजे काय दूध आहे, नासायला?" मी म्हणालो. शिपाई हसले. मग मी त्याच्या दोन कानाखाली दिल्या.

गाल चोळत तो म्हणाला, "मला हितं बसवा पायजे तेवढं. पण स्लॅबला पाणी मारू द्या. लय ऊन हाय."

पुरावा नाहीसा करायला आत शिरायचा हा बहाणा, असं मी धरून चाललो. ठाण्यात आणलेला माणूस सुटका मागतो, वकील मागतो, निदान विडी तरी मागतो. हा रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मागत होता, तेही दुसऱ्याच्या घरासाठी. मला तिथेच समजायला हवं होतं. बाईही येऊन तेच सांगून गेल्या. त्यांना मी "चौकशी चालू आहे" एवढंच ऐकवलं. स्टेशन डायरीत अटक न दाखवता त्याला तीन दिवस नुसता बसवून ठेवला.

चौथ्या दिवशी त्याचं खोटं उघडं पाडायला मी त्याला त्या घरी नेऊन त्याच्यासमोर जोतं खोदायला लावलं. जोतं म्हणजे जमिनीपासून फरशीपर्यंतचा घराचा उंचवटा, तो आतून मुरूम-दगडांनी भरतात. हातभर खाली गोणीच्या आकाराचे सहा दगड निघाले. तागाची वीणसुद्धा त्यांच्यावर उमटलेली होती.

मिस्त्रीने खड्ड्याकडे पाहिलंही नाही. तो शिडीने वर गेला. मागोमाग मी गेलो. स्लॅबभर भेगांचं जाळं पसरलं होतं.

"सिमेंट, वाळू, खडी वतली म्हंजी स्लॅब होत नाय साहेब," तो शांतपणे म्हणाला. "आठ-पंधरा दिस वला ठिवला तर ताकद धरतो. ह्यो कवळ्यातच वाळला."

नव्या परमिटची वाट पाहत बाईंचा पावसाळा भाड्याच्या खोलीत गेला. मिस्त्रीने मजुरी न घेता स्लॅब फोडला आणि पुन्हा टाकला. डायरीत मी लिहिलं, 'तक्रारीत तथ्य आढळले नाही.' माझ्या हातून काय झालं ते कुठेच लिहिलं नाही.

काही वर्षांनी मी स्वतःचं घर बांधायला काढलं, तेव्हा त्यालाच शोधत गेलो. तो आला. संध्याकाळी स्लॅब टाकून झाल्यावर हात धुता धुता त्याने विचारलं, "साहेब, आता तीन दिस कुठं बोलावणं नाय ना?"

टोमणा नव्हता तो. स्लॅबला पाणी मारायला मिळेल की नाही, हे त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

समोरचा काय लपवतो याच्या मागे लागलं की तो काय सांगतोय ते कानावर पडूनही ऐकू येत नाही. नोकरीत मी हे शिकलो, पण त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. माफी मागायची तर ती त्या संध्याकाळी मागायची होती. तेव्हाही जीभ रेटली नाही. एकवीस दिवस स्लॅबला पाणी मात्र मीच मारलं.