जिनिंगमधून परत आणलेली रुई

आमच्या वावरातून गेलेलं बरंचसं फिरून घरी येतं. सरकीचं तेल निघतं, उरलेली ढेप आमच्याच म्हशीपुढे पडते. कापसाचं झाड, पऱ्हाटी, वाळली की चुलीत जाते. रुई तेवढी गेली की गेली. तिच्या गाठी कुठं जातात, कापड होऊन कोणाच्या अंगावर चढतात, कोणी विचारत नाही. बाबा तर म्हणत, "गाडीत भरला का कापूस आपला राह्यला नाही."

माझं लग्न ठरलं आणि आईनं मनात घेतलं, पोरीची गादी आपल्याच कापसाची. मामी म्हणाली, "आता फोमची घेतात वं." आईनं तिच्याकडे असं पाहिलं, की मामीनं चहा अर्धाच सोडला. वावरात दहीभात शिंपडून सीतादही केली, की आमच्याकडे पहिली वेचणी सुरू होते. तो कापूस आईनं जुन्या लुगड्यांत बांधून ठेवला होता. ती गाठोडी घेऊन आम्ही मायलेकी राळेगावला, कापसातून सरकी काढतात त्या जिनिंगवर गेलो.

तिथला मॅनेजर हसला. "बाई, इथं साऱ्या गावांचा कापूस एकाच गंजीत पडते. तुमचा अलग कसा काढू? गंजीतली तेवढ्याच वजनाची रुई घेऊन जा."

"मले माह्याच वावराची पाह्यजे."

"रुई सारी सारखीच असते ना!"

"मंग पोरीबी साऱ्या सारख्याच असतात काय, भाऊ? कोणतीबी धाडू सासरी?"

मजूर बाया खदखदून हसल्या. आईनं गाठोड्यावरच बैठक मारली. मी लाजेनं अर्धी झाले. "आई, चाल ना वं," म्हटलं, तर "तू चूप राह्य." शेवटी जेवणाच्या सुट्टीत मॅनेजरनं एक मशीन रिकामी करून दिली. आईनं पदर खोचला आणि मशीन पुसून घेतल्यावरच कापूस आत जाऊ दिला. निघालो तेव्हा दोघींच्या केसांत रुई होती. बसमधले लोक पाहून राह्यले होते, पण आई मोठ्या ऐटीत बसली.

लग्न झालं, त्या रुईची गादी माझ्यासोबत सासरी उमरखेडला आली. दिवाळीनंतर आई भेटायला आली, ती दुपारच्या यष्टीनं परत जाणार असं बजावूनच. जेवणं झाल्यावर मी गादी घातली. "थोडी पड."

आधी काठावर टेकली. मग हळूच आडवी झाली.

यष्टीची वेळ झाली म्हणून उठवायला गेले, तर जागीच होती. गादीवरून हात फिरवत पडली होती.

"आई, गाडी जाईन."

"जाऊ दे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या घरी खाटेवर जुन्या लुगड्यांची वाकळच असायची, बाबांच्याही आणि तिच्याही. वर्षानुवर्षं कापूस पिकवणाऱ्या त्या घरात गादी कधी नव्हतीच. मला हसू आलं. मी तिच्या शेजारी जाऊन पडले.

छताकडे पाहत ती म्हणाली, "अवं पोरी, अशी लागते होय आपली रुई आंगाले!"