ड्रायव्हरचं नाव विचारायचं नाही

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला शाळेच्या स्टाफरूममध्ये निबंधाच्या वह्या तपासत होते. अकोल्याहून शेजारच्या शकूरचाचांचा फोन. "शोभा बेटा, निघ. आत्ताच निघ," एवढंच ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजावरून मला कळायचं ते कळलं. मी लाल पेनाला टोपण लावलं आणि बाजूच्या बाईंना म्हटलं, "भाऊ गेला माझा." त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग अगदी जवळ येऊन हळूच विचारलं, "काही... केलं तर नाही ना हो त्यांनी?"

त्या वर्षांत आमच्या अमरावती-अकोल्याकडे शेतीच्या घरातला पन्नाशीचा पुरुष अचानक गेला की पहिला प्रश्न हाच यायचा. माणूस आजारानं, सरळ मरणानं जाऊ शकतो हे लोक विसरूनच गेले होते. "नाही हो, हृदय बंद पडलं," मी सांगितलं. बसमध्ये भेटलेल्या ओळखीच्यांना, घरी आलेल्यांना, तेरवीला पंक्तीत बसलेल्यांना मी हेच एक वाक्य सांगत होते. ऐकणाऱ्याला जरा हायसं वाटायचं. मला काहीच वाटत नव्हतं. दात काढताना डॉक्टर इंजेक्शन देतो आणि गाल आपला राहत नाही ना, तसं अंगभर झालं होतं. बायका म्हणायच्या, रडून घे गं, मोकळी हो. अहो, रडू यायला तर पाहिजे!

सुधाकर माझा मोठा भाऊ. आमचं घर फुलांचं. अकोल्याच्या बाहेर मळा, त्यात झेंडू-शेवंती, आणि बाबा सकाळी बाजारात हार विकायला. भाऊ त्या झेंडूच्या ढिगात बसून रेडिओ खोलायचा आणि पुन्हा जोडायचा. पुढे अमरावतीला इंजिनिअरिंग केलं आणि दक्षिणेकडच्या एका सरकारी प्रयोगशाळेत लागला, सैन्याच्या उपग्रह संदेशयंत्रणेवर. लग्न केलं नाही. मायनं मुली पाहून पाहून दम टाकला, तेव्हा म्हणायचा, "माय, वरती उपग्रह हाय ना, थोच सांभाळणं होत नाही." माय सगळ्यांना सांगायची, "माहा सुधाकर मिल्ट्रीचे फोन दुरुस्त करते." तिचं हे म्हणणं तो कधी दुरुस्त करायच्या भानगडीत पडला नाही.

काम गुप्त, त्यामुळे आम्हाला तो फार सांगत नसे. पण एका दिवाळीत, परतवाड्याला मावशीकडे जाताना, स्टँडवर काळी-पिवळी जीपची वाट पाहत उभे होतो तेव्हा त्याला एकदम कंठ फुटला. म्हणाला, "हे पाहा शोभे, आमच्याकडे आजवर काय होतं, पायदळाचा संदेशाचा डबा वेगळा, आरमाराचा वेगळा, विमानवाल्यांचा वेगळा. ज्याचा त्याचा उपग्रह, ज्याची त्याची तार. चौकीवरच्या जवानाला नकाशा पाहिजे असला तर कोणत्या डब्यातून, कोणाकडून, कसा येते हे सगळं त्यालेच ठाऊक पाहिजे. डबा मेला की नकाशा मेला."

"मग?"

"मग आता हा स्टँड पाहा. तू इथं येऊन काय म्हणते? 'परतवाडा' म्हणते. ड्रायव्हरचं नाव विचारते काय?"

"मी काहून विचारू?"

"हेच! कोण नेते हे तुले माहीत नाही, माहीत असायची गरजबी नाही. एक जीप बंद पडली तर दुसरी हाय. तो ओरडून राहिला तो गडी पाहा, त्याले फक्त माहीत पाहिजे आत्ता कोणती गाडी कुठं चालली. तसंच करून राहिलो आम्ही. नकाशा ही एक सेवा, हवामान ही एक सेवा, आवाज पोचवणं ही एक. जवानानं सेवा मागायची. देणारा कोण, हे मागणाऱ्याले दिसलंच नाही पाहिजे."

मी म्हटलं, "म्हणजे सरकारच्या पैशानं तू मिल्ट्रीचा काळी-पिवळीचा स्टँड बांधून राहिला." तो इतका हसला की शेजारची म्हातारी टोपली घेऊन लांब सरकली. मग गंभीर होऊन सांगू लागला की ऑफिसात चालतात तशा या सेवा उपग्रहावर चालत नाहीत. वरपर्यंत जाऊन यायला वेळ लागतो, वाट अरुंद असते, आणि कंपन्यांनी बनवलेल्या निरोपांचं पाकीटच आतल्या चिठ्ठीपेक्षा जड. त्याचं निम्मं आयुष्य ते पाकीट हलकं करण्यात गेलं. बाकीचं, तो ओरडणारा गडी एका जागी ठेवायचा नाही, प्रत्येक चौकीपाशी त्याची एक नक्कल ठेवायची, हे वरिष्ठांच्या गळी उतरवण्यात. "स्टँडच तुटला तर लोकांनी काय करावं?" हे तो विचारायचा. एका बैठकीत पिकल्या मिशांचे एक कर्नल त्याला म्हणाले होते, हे सगळं ठीक आहे, पण माझ्या पोराला संकटात पलीकडे कोण आहे हे कळलं पाहिजे. भाऊला ते जुन्या वळणाचं वाटलं. सांगताना थोडा वैतागलाच होता.

मग त्याच्याच छातीत दुखू लागलं. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी हृदय दुबळं असल्याचं तोंडावर सांगितलं, आणि भाऊ नोकरी सोडून अकोल्याला, बाबांमागे एकट्या राहिलेल्या मायजवळ राहायला आला. मला वाटलं, आता आराम करेल. कशाचा आराम! त्यानं घरालाच हात घातला. मायचं दूध, औषधं, मळ्याचं पाणी, विजेचं बिल, दवाखान्यात न्यायला ऑटो, अडीअडचणीला डबा... आल्यावर आधी हे सगळं तो एकटा करायचा. आता प्रत्येक कामाला दोन-दोन माणसं जोडली. एक नाही आला तर दुसरा, आणि दोघांना एकमेकांची खबर. डबा शकूरचाचांच्या घरून, नाहीतर कोपऱ्यावरच्या खानावळीतून. मी एकदा चिडले. म्हटलं, "भाऊ, माय हाय ते, चौकी नाही."

मळ्याच्या फाटकाशी उभे होतो आम्ही. तो म्हणाला, "शोभे, मी जाणार हे मले माहीत हाय. म्या गेल्यावर मायले काही कमी नाही पडलं पाहिजे. मी नाही, हे तिच्या कामाले कळलंच नाही पाहिजे."

"काय अभद्र बोलून राहिला रे!"

"अभद्र काहून? ह्याच्यासाठीच तर शिकलो मी."

त्याची सारी धडपड यासाठी होती. स्वतःच्या जिवाची त्यानं कधी काळजी केली नाही, मायची मात्र रोज. एकदा तर चाचणी घ्यायची म्हणून मुद्दाम माझ्याकडे अमरावतीला येऊन राहिला, फोन बंद करून. पोरासारखा खूश होता. परत गेल्यावर मायला विचारलं, काही कमी पडलं का? ती म्हणाली, नाही पडलं. त्यानं लगेच मला फोन केला, "एकबी निरोप पडला नाही, शोभे! सगळे पोचले." त्यानंतर काही महिन्यांतच तो दुपारी आडवा झाला तो उठला नाही.

तेरवीला काही आठवडे होऊन गेल्यावर एका रविवारी मी अकोल्याला गेले. दूध दारात आलेलं होतं. गोळ्या सकाळच्या-संध्याकाळच्या वेगळ्या लावलेल्या. मळ्यात पाणी चालू होतं, शेवंती भरून आली होती. डबा आला होता आणि झाकण न काढता तसाच ओट्यावर होता. भाऊचं गणित बरोबर निघालं होतं. तो नव्हता, आणि घराला ते कळलेलं नव्हतं. माय ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती, ब्लाऊजच्या बाह्या दंडावर ढिल्या पडलेल्या. मी मास्तरीणच, समजवायला गेले. "माय, पाह, भाऊनं कसं सगळं लावून ठेवलं. तुले काहीच कमी नाही."

मळ्याकडे पाहत माय म्हणाली, "कमी नाही वं. दूध येते, गोया येतात, डबा येते. सारे मले देऊन राहिले, शोभे. माह्या हातचं घेणारा कोण हाय?"

मी आत ओट्यावरच्या डब्याकडे पाहिलं.

"थो तुह्याकडे गेला होता नं, माही परीक्षा पाहाले. मले काय समजत नाही? म्हातारी झाली, मठ्ठ नाही झाली. तवाबी म्या चूल नाही पेटवली. कोनासाठी पेटवू? त्यानं पुसलं, कमी पडलं काय. म्या म्हनलं, नाही पडलं. खरंच नव्हतं पडलं... पण भूक कोनाले होती?"

इतका हुशार माझा भाऊ. देणारा गेला तर काय करायचं, याची त्यानं तजवीज केली. घेणारा गेला तर काय, हे त्याच्या मनातच आलं नाही. मायच्या लेखी तो कधी देणारा नव्हताच. तो तिच्या हातचं जेवणारा होता, आणि त्या जागेवर दुसरा माणूस जोडता येत नाही. मला त्याचा रागही आला आणि त्याची कीवही आली. पण सांगायचं कुणाला?

मी अमरावतीहून जेवून निघाले होते. तरी म्हटलं, "माय, मले भूक लागली."

ती गुडघ्यावर हात रोवून उठली, आत गेली. डबा बाजूला सारल्याचा आवाज आला, मग परातीचा. वरण शिजलं, भाकरी थापली, हलक्या हातानं आंबाडीची भाजी घोटली. मला पाटावर बसवलं आणि समोर बसून वाढत गेली. एक भाकर, दुसरी भाकर, त्यावर वरण. पोट फुटायची वेळ आली तेव्हा मी ताटावर हात आडवा धरला.

"भाऊबी असाच हात धरे," माय म्हणाली, आणि पळी काही थांबवली नाही. गरम वरण माझ्या बोटांवरून ताटात गेलं. चांगलंच पोळलं. मला हुंदका आला, आणि मग काही केल्या आवरेना. घास तोंडात तसाच, आणि मी रडत होते, भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा.

मायनं पदरानं माझी बोटं पुसली आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

"आधी जेवून घे," ती म्हणाली. "मंग रड."