उखाण्यात अडकलेलं नाव

उखाणा घ्यायला मी नेहमी पुढे. तोही स्वतः जुळवलेला, उसना चालत नाही मला. गेल्या जानेवारीत शिकागोजवळ नेपरव्हिलला मैत्रिणीकडे हळदीकुंकू होतं. "बाहेर पडला स्नो, आत उकळतोय चहा," इथवर झोकात आले आणि पुढे नवऱ्याचं नावच आठवेना. इतक्या वर्षांच्या नवऱ्याचं!

बायका खो खो हसल्या. "अगं, नव्या नवरीसारखी लाजतेस काय!" म्हणत दोघीतिघींनी त्याचं नाव सांगूनही टाकलं. मीही हसले, दुसरं काय करणार? अंगातून मात्र अशी गरम वाफ उसळली की मी तशीच पैठणीत, कोटाशिवाय, घरामागच्या डेकवर जाऊन बर्फात उभी राहिले.

वाफांची सवय झाली होती. भीती वेगळीच होती. माझी आई शेवटी शेवटी मला "तुम्ही कोण?" विचारायची, आणि तिचं विसरणंही असंच एकेका नावापासून सुरू झालं होतं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मला साधे शब्द सापडेनासे झाले, तेव्हाच मी मनाशी ठरवून टाकलं होतं की आता माझी पाळी. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

माझा कोट घेऊन काकू बाहेर आल्या. काकू म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात जुन्या डॉक्टर, आता रिटायर झालेल्या. "मला आईसारखं होतंय," एवढंच मी म्हणाले आणि ढसाढसा रडले.

"झोप लागते का तुला? पिरियड्स रेग्युलर आहेत?"

दोन्हीला मी नकारार्थी मान हलवली.

"अगं, मग हे पेरिमेनोपॉजमुळेही असेल, पाळी जायच्या आधीच्या वर्षांत होतं असं. आईचं डॉक्टरांना सांग, टेस्ट करून घे. पण स्वतःच डायग्नोसिस करून बसू नकोस, इंजिनीअर आहेस तू." मग हळूच म्हणाल्या, "मला तर ऑपरेशन चालू असताना शेजारच्या नर्सचं नाव आठवेना. डॉक्टर असून कुणाला बोलले नाही गं."

आत येऊन त्यांनी हेच सगळ्यांसमोर सांगितलं. मग यजमानीण म्हणाली, तिला मुलांवर ओरडल्यावर गाडीत बसून रडू येतं. एकीचा खांदा महिनोन्‌महिने दुखत होता; तेही यातलंच असू शकतं, असं काकू म्हणाल्या. एकीला पाळी गेल्यावर सुटल्यासारखं वाटलं होतं. कोपऱ्यातली एक चाचरत म्हणाली, "मला काहीच झालं नाही. सांगू की नको?" तिच्यावर तिळाच्या वड्यांचा मारा झाला. किती दिवसांनी मी मनापासून हसले!

घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. नाव विसरले याचा त्याला राग नव्हता. इतके दिवस एकटीनं घाबरत राहिले याचा होता. टेस्टला तोच घेऊन गेला. आईचा आजार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. औषध सुरू झालं, झोप परत आली. शब्द अजून अधूनमधून दडी मारतात.

यंदा हळदीकुंकू माझ्याकडे होतं. नवा उखाणा सुरू केला आणि नेमकी नावापाशीच पुन्हा अडकले. या वेळी कुणी हसलं नाही. कुणी नाव सांगितलंही नाही. हातातले चहाचे कप तसेच धरून सगळ्याजणी माझ्यासाठी थांबल्या. बाकी काहीही विसरेन, त्यांचं ते थांबणं विसरणार नाही. नाव आलं, जरा उशिरा, पण माझं मला आलं.