ब्रेकमधली हवा

आमचा मळा मखमलाबादच्या पुढे. झेंडू, शेवंती आणि उरलेल्या जागेत कोथिंबीर. हा माल पंचवटीतल्या फुलबाजारात न्यायला एक जुनी पिकअप आहे. माझ्याआधी ती या घरात आली, त्यामुळे तिचा मान माझ्यापेक्षा मोठा. माझं माहेर देवळाली कॅम्पातलं. गाडी चालवायला मी तिथेच शिकले. लग्नानंतर पहिल्यांदा पिकअपची किल्ली हातात घेतली तेव्हा सासऱ्यांनी एवढंच सांगितलं, "ब्रेक दोनदा दाबायचा. पहिल्या वेळी तिला कळत नाय."

मी तो घरचा रिवाज समजून पाळला. पुढे दोनाचे तीन झाले. नवरात्राच्या तोंडावर तर पेडल चिखलात पाय घातल्यासारखं सरळ खाली जायला लागलं, आणि तरीही आम्ही झेंडूचे क्रेट भरून बाजारात निघालो. नवरा गाडी चालवत होता. बाजारात शिरताना वेग बैलगाडीचा होता, म्हणून बरं. त्याने एकदा दाबला, दोनदा दाबला, तिसऱ्यांदा दाबताना "अगं, अगं, अगं" असं म्हणाला, जसं काही मीच पुढे चालले होते. हँडब्रेक ओढेपर्यंत पिकअप एका व्यापाऱ्याच्या शेवंतीच्या ढिगात बंपरपर्यंत शिरली.

व्यापारी बाजूला चहा पीत होता. त्याने कपसुद्धा खाली ठेवला नाही. म्हणाला, "दादा, फुलं गाडीत भरतात. गाडी फुलांत नाय भरत."

चेंगरलेली शेवंती आम्ही उचलली, तेवढा झेंडू त्याला दिला आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, हँडब्रेक हातात धरून, घरी आलो. फाट्यावरच्या मेकॅनिकला फोन केला, तर तो वणीला, गडावर. मागे ढोल वाजत होते. "हवा असंल नायतर गळती," तो ओरडला. "मी येईपर्यंत गाडी हलवू नका!"

पण ऐन नवरात्रात झेंडू थांबतो होय? नवऱ्याने ठरवलं, आपणच बघायचं. मोबाइलवर व्हिडिओ लावून तो गाडीखाली गेला. सासऱ्यांनी ओट्यावरून निदान केलं, "वय झालं तिचं. माझेबी गुडघे असेच जात्यात खाली." सासूबाईंनी बंपरला लिंबू-मिरची बांधली आणि पुढच्या काचेवरून मीठ-मोहरी ओवाळून टाकली.

नवरा मात्र खरंच हुशार निघाला. ब्रेक ऑइलची डबी अर्धी रिकामी दिसली, म्हणून त्याने एकेक चाक तपासलं. मागचं डावं आतून ओलं होतं. ड्रम काढल्यावर कळलं, तिथला सिलिंडर गळत होता. शहरात जाऊन त्याने नवा आणला, बसवला, डबी भरली. पेडल तरीही मऊच. कारण आता नळीत हवा शिरली होती, आणि ती काढायला माणसं लागतात दोन. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळचा छोटा बोल्ट सैल करायचा. बुडबुडे बाहेर पडले की बोल्ट आवळायचा आणि मगच पेडलवरचा पाय उचलायचा. साधं काम.

मी आत बसले. नवरा चाकाशी आडवा झाला.

"दाब!"

"दाबलं."

"धर. सोडतो!"

मी सोडलं. फस्सकन आवाज आला आणि बाहेर निघालेली हवा पुन्हा आत गेली.

"अगं, तू कशाला सोडलंस?"

"तूच म्हणालास ना सोड!"

"सोड नाय, सोडतो! मी बोल्ट सोडतो!"

पुन्हा तेच. एकदा तो "सोडला" म्हणाला, एकदा नुसताच "सोड..." आणि पुढचं अक्षर गाडीखाली राहिलं. माझा पाय दर वेळी वर. तेवढ्यात सासरे चहा घेऊन जवळ आले, म्हणून मला भांडणाच्या मधोमध "अरे"वरून "अहो"वर यावं लागलं. "अहो, नीट बोला ना!" असं म्हणताना राग निम्मा होतो, हा मोठा तोटा आहे.

ब्रेक ऑइलची नवी बाटलीही निम्म्यावर आली. शेवटी नवरा बाहेर आला. त्याच्या कानात माती होती. "तुझ्या पायाला दम नाय," तो म्हणाला.

"आणि तुझ्या जिभेला हाड नाही," मी म्हणाले. सासरे समोर होते तरी.

गोठ्याशी उभ्या असलेल्या सासूबाई पदर खोचत आल्या. "उठ तू," त्या मला म्हणाल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा स्टिअरिंगमागे चढून बसल्या. "कोणतं दाबू?"

मी मधलं दाखवलं. त्यांनी उजव्या पायावर डावाही ठेवला आणि विहिरीची मोट ओढल्यासारखं तोंड केलं.

"आई, धर. सोडतो!" खालून आवाज आला.

सासूबाई ढिम्म. बुडबुडे आले, ऑइल आलं, बोल्ट आवळला गेला. "आता सोड," नवरा म्हणाला. सासूबाई तरीही ढिम्म.

"आई, पाय उचल ना!"

"नीट बघितलं का? का अर्धवट केलं?"

"बघितलं गं."

मग कुठे पाय उठला. या बाईंनी मुलाचं एकदा सांगितलेलं ऐकल्याचं मला कधी आठवत नव्हतं, आणि त्या दिवशी तेच कामी आलं. चारही चाकांची हवा अशीच निघाली. शेवटी मी पेडल दाबून पाहिलं. पाय अर्ध्यातच अडला, दगडावर ठेवल्यासारखा. इतक्या वर्षांनी गाडीने पहिल्याच हाकेला ओ दिली. मला उगाचच रडू आलं, ते मी धुळीवर ढकललं.

गाडी मळ्यात मागे-पुढे फिरवून, पुन्हा पुन्हा थांबवून पाहिली. चाकं कोरडी होती. दुसऱ्या दिवशी झेंडू वेळेवर गेला. गडावरून परतलेल्या मेकॅनिकने सगळं तपासलं आणि म्हणाला, "कोणी केलं हे? चांगलं केलंय." नवऱ्याने तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "मी."

दिवाळीनंतर झेंडू उपटून रान मोकळं झालं. एका दुपारी त्या माझ्यासमोर किल्ली घेऊन उभ्या राहिल्या. "ब्रेक मला येतो," त्या म्हणाल्या. "बाकीचं शिकव."

मी शिकवलं. क्लचवरून आमचं रोज वाजतं, आणि वळताना त्या स्टिअरिंगबरोबर स्वतःही वळतात. पण आता विहिरीपासून रस्त्यापर्यंत पिकअप त्या एकट्या आणतात. सासरे पुढे चालत जाऊन फाटक उघडतात. गाडीत बसा म्हटलं तर म्हणतात, "नको. कोंबड्या हाकलायला कोणी तरी पाहिजे."